लाइफबोटीला भोक!

दुर्बिणीच्या नजरेतून काही सुटत नाही! हे मत दुर्बिणीचं स्वतःचंच होतं आणि दिवसातून दोन-चारदा तरी ती ते बोलून दाखवायची. ‘दुर्बीण’ हे तिला सासरी मिळालेलं टोपणनाव. सासूबाईंनी ते कौतुकाने ठेवलं, नवऱ्याने वैतागून चालू ठेवलं. छकुली झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, तर या दुर्बिणीची भिंगं इतकी वाढली होती की घरात मुंगी शिरली तरी ती कुठून आली, कशाला आली आणि सोबत कोण कोण आहे याची रीतसर चौकशी व्हायची. द्राक्षाचे चार तुकडे, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, विजेच्या एकूणएक भोकांना चिकटपट्टी! फोन चार्ज करायचा तर नवऱ्याला आधी नखाने पट्टी खरवडत बसावं लागे.

“अगं, हे घर आहे की पार्सल?”

“पार्सलवर निदान ‘जपून हाताळा’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला लिहून दिलं तरी कळत नाही.”

माणसांच्या बाबतीतही तेच. मीटर बघायला आलेल्या माणसाला तिने जिन्यात कोंडून ठेवलं होतं. का? तर ओळखपत्रावरच्या फोटोत दाढी होती आणि समोरच्या हनुवटीवर नव्हती! नवऱ्याने येऊन सोडवलं तेव्हा त्या बिचाऱ्याची दाढी पुन्हा वाढायला सुरुवात झाली होती म्हणतात.

नवरा लाइफबोटी बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनर होता. मोठं जहाज बुडायला लागलं की माणसं जीव वाचवायला ज्यात बसतात, त्या बोटी. जुन्या चित्रांतल्यासारख्या उघड्या होड्या नव्हेत. वरून पक्क्या झाकलेल्या, आत पट्ट्याच्या सीटा, स्वतःचं इंजिन आणि रंग असा भडक केशरी की ढगातल्या विमानालाही दिसावा. दीड वर्ष घासून त्याने नवी बोट तयार केली होती. शनिवारी सर्व्हेयर येऊन तिची परीक्षा घेणार होते.

“तुम्हीही सगळ्यांनी यायचं आहे,” त्याने जेवताना जाहीर केलं. “लाइफजॅकेट घालून सगळी माणसं आत मावतात का, किती झटपट बसतात, ते बघतात. सगळ्यांच्याच घरची माणसं येणार आहेत.”

“घरची कशाला? कारखान्यात माणसं नाहीत का?” दुर्बिणीने भिंगं फिरवली.

“माणशी सरासरी वजन ठरलेलं असतं. आमचे कामगार सगळे काटकुळे. सरासरी भरत नाही.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “म्हणजे पाहुणे म्हणून नव्हे, पोती म्हणून नेतोयस आम्हाला!”

“आई, तसं नाही गं...”

“मग कसं? माझ्या जिवावर सरासरी भरणार तुझी!”

नवऱ्याने विषय बदलला. बोट पास झाली तर जहाजांवर चढेल, नापास झाली तर डिझाइन कपाटात आणि पुढचं सगळं काम चष्मिसकडे, असं तो म्हणाला. चष्मिस म्हणजे त्याच्या शेजारच्या टेबलावरचा डिझाइनर. त्याचा चष्मा उन्हात काळा आणि सावलीत पांढरा व्हायचा. ज्याचे डोळे हवेप्रमाणे बदलतात त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा दुर्बिणीचा पहिल्या भेटीपासूनचा सवाल होता.

“आणि हे बघ,” नवरा म्हणाला, “शनिवारपर्यंत कोणावरही संशय घ्यायचा नाही. चष्मिसवर तर नाहीच. वचन दे.”

दुर्बिणीने वचन दिलं. संशय घ्यायचा नाही एवढंच ठरलं होतं. बघायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

शुक्रवारी नवरा नेमका डबा विसरून गेला. छकुलीला कडेवर घेऊन दुर्बीण निघाली. स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप गळत होता, म्हणून वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून लुकणही घेतली. ती दोन रंगांच्या कांड्यांची, एकत्र मळली की थोड्या वेळात दगड होणारी.

कारखान्यात जेवणाची सुट्टी झालेली. नवरा मीटिंगमध्ये. डबा त्याच्या टेबलावर ठेवून ती परत फिरली, तर शेडमध्ये ती बोट! चार लाकडी ठोकळ्यांवर बसलेली, केशरी, गुळगुळीत. एखाद्या राक्षसाला ताप आला तर त्याला द्यायची कॅप्सूल असावी तशी!

आणि त्या कॅप्सूलच्या पोटाखालून रांगत कोण बाहेर आलं? चष्मिस! गुडघे झाडत उठला, हातातली पितळेची काहीतरी वस्तू झटकन खिशात सारली आणि मग त्याला दुर्बीण दिसली.

“अरे, वहिनी! तुम्ही इथे?”

“डबा द्यायला आले होते. तुम्ही खाली काय करत होता?”

“मी? काही नाही! सहज आपलं. काल जरा... म्हणजे उद्याची तयारी.”

एवढं बोलून तो शीळ घालत निघून गेला. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस शीळ घालत नाही, हे दुर्बिणीचं जुनं निरीक्षण होतं.

ती छकुलीला घेऊन बोटीखाली वाकली. आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली! बोटीच्या बुडाला चांगलं लिंबाएवढं, गोल गरगरीत, आरपार भोक! तिने एक बोट घातलं, दोन घातली. दोन्ही आत गेली.

“छकुले, बघितलंस? बोटीला भोक! बोटीला कधी भोक असतं का?”

“बोक,” छकुलीने दुजोरा दिला.

आता सगळं लख्ख दिसत होतं. उद्या बोट पाण्यात सोडणार, सर्व्हेयरच्या डोळ्यांदेखत ती बुडबुड करत तळाला जाणार, नवऱ्याचं दीड वर्ष पाण्यात आणि चष्मिस शीळ घालत त्याच्या खुर्चीवर! नवऱ्याला सांगावं तर वचन आडवं येत होतं. शिवाय तो म्हणणार, झालं का तुझं सुरू? मीटरवाला निघणार, दाढी निघणार.

ठीक आहे. न सांगता करू! ज्या घरात एक भोक उघडं राहत नाही त्या घरची ती गृहिणी होती. पण नुसती लुकण एवढ्या मोठ्या भोकात टिकली नसती, आधाराला काहीतरी हवं होतं. तिने पर्स उपसली. छकुलीच्या पाण्याच्या बाटलीचं पिवळं झाकण, वर बदकाचं चित्र. भोकात घालून पाहिलं तर माप घेऊन केल्यासारखं बसलं!

“माझं बदक!” छकुलीने भोकाड पसरलं.

“शूऽऽ! बदक पोहायला गेलंय. आपण नवीन आणू हं.”

पिठाच्या गोळ्यासारखी लुकण मळून तिने झाकणावर थापली, कडा अंगठ्याने दाबल्या, वरून छकुलीच्या रंगपेटीतला केशरी खडू फिरवला. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती, पण मान अशी ताठ की जणू एकटीने जहाज वाचवलंय.

शनिवारी कारखान्यामागच्या धक्क्यावर ही गर्दी! सगळ्यांच्या बायका, आया, सासरे, मेव्हणे, सगळे केशरी लाइफजॅकेटांत. झेंडूच्या शेतात वारा शिरावा तसे सगळे हलत होते. वजनाच्या काट्यावर सासूबाईंनी दोन्ही चपला, चष्मा आणि हातातली पिशवी काढून ठेवली आणि मग आकडा बघणाऱ्यालाच पाठ करून उभं राहायला लावलं.

सर्व्हेयर म्हणजे एक बुटक्या, पिकल्या केसांच्या बाई निघाल्या. गळ्यात टॉर्च, पायात पांढरे कापडी बूट. प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघत होत्या. पिण्याच्या पाण्याचं पाकीट फोडून त्यांनी आधी वास घेतला, मग चष्मिसला प्यायला लावलं आणि तो जिवंत राहतो का ते बघत थांबल्या. दुर्बिणीला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तिने पुढे होऊन ओळख करून दिली. “ही बोट ज्यांची, त्यांची मी मिसेस. आमचे हे घरी सगळं सांगतात हं मला! बोटीचा स्क्रू न् स्क्रू पाठ आहे मला.”

“असं?” बाई म्हणाल्या. “फार छान.”

चष्मिस काळा चष्मा लावून धक्क्याच्या टोकाशी उभा होता. बसमधून येतानाच दुर्बिणीने सासूबाईंच्या कानावर सगळं घातलं होतं, कोणाला सांगायचं नाही या बोलीवर. त्या चष्मिसकडे अशा बघत होत्या की त्याच्या काचा आणखी काळ्या पडाव्यात.

“आधी पाण्याची परीक्षा,” सर्व्हेयरबाई म्हणाल्या. “मग माणसांची. सोडा!”

क्रेन कुरकुरली. बोट उचलली गेली, झुलली आणि अलगद पाण्यावर टेकली. दुर्बिणीने श्वास रोखला. बोट डुलली, स्थिरावली आणि राजहंसासारखी ऐटीत तरंगायला लागली!

दुर्बिणीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच! बाकी धक्क्यावर चिडीचूप. जळतात मेले, तिला वाटलं.

नवरा पाण्याकडे टक लावून उभा होता. वेळ गेला. सर्व्हेयरबाईंनी बोटीत टॉर्च मारला. आणखी वेळ गेला.

“येईल मॅडम,” नवरा म्हणाला. “आता येईल.”

चहा आला. बिस्किटं आली. पाणी काही आलं नाही.

“तुमची बोट भरत का नाहीये?” सर्व्हेयरबाईंनी विचारलं.

“भरायला हवी होती मॅडम! एव्हाना गुडघाभर तरी...” नवऱ्याच्या कपाळावर घाम जमला होता.

दुर्बिणीने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. दीड वर्षाच्या कष्टांनी यांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय? स्वतःची बोट बुडत नाही म्हणून रडणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला!

“आजवर बुडणाऱ्या बोटी खूप पाहिल्या,” सर्व्हेयरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “न बुडणाऱ्या बोटीचा मला जास्त संशय येतो. इथे कुठेतरी पाणी मुरतंय. वर काढा ती!”

‘संशय’ हा शब्द कानावर पडायचा अवकाश, सासूबाईंचा बांध फुटला. लाइफजॅकेटसकट त्या चष्मिसवर चाल करून गेल्या.

“हाच तो, बाई! धरा याला! यानेच माझ्या मुलाच्या बोटीला भोक पाडलंय!”

“काकू! अहो काकू, मी?”

“तूच! काल बोटीखालून रांगत आलास! माझ्या सुनेने डोळ्यांनी पाहिलंय! खिशात काय लपवलं होतंस, दाखव! मेल्या, याच्याच ताटात जेवलास ना रे तू?”

सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक शिट्टी हाणली. लाइफजॅकेटला बांधलेली असते ना, ती शिट्टी. दोरीला धरून गरगर फिरवून हाणली!

चष्मिसने चष्मा सावरला. “काकू, ते भोक तुमच्या मुलानेच ठेवलंय!”

“काय?”

“सगळ्याच लाइफबोटींना असतं! जहाजावर वर टांगलेली असते ना बोट, तेव्हा पावसाचं, लाटांचं पाणी आत साचू नये, खालून वाहून जावं म्हणून. समुद्रात सोडताना पहिल्यांदा त्याला बूच लावायचं. आज बूच मुद्दाम काढून ठेवलं होतं. बोट पाण्याने गच्च भरली तरी बुडत नाही, हेच तर दाखवायचं होतं! आणि काल मी हे नेत होतो.” त्याने खिशातून पितळी बूच काढलं, त्याला चकचकीत नवी साखळी. “जुनी तुटली होती. म्हटलं, त्याचा मोठा दिवस आहे, त्याला कशाला त्रास द्या.”

दुर्बिणीने छकुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हळूच मागे सरकायला सुरुवात केली. मागे समुद्र होता.

तोवर क्रेनने बोट वर आणली होती. सर्व्हेयरबाईंनी खालून टॉर्च मारला. “इथे केशरी खडू फासलाय,” त्या म्हणाल्या. फिटरने छिन्नी लावली. ठक, ठक, ठक! लुकणीचा गोळा निखळला आणि त्यामागून टप्पकन धक्क्यावर पडलं, गोल गोल फिरलं आणि बरोबर सर्व्हेयरबाईंच्या पांढऱ्या बुटापाशी येऊन थांबलं ते पिवळं झाकण.

“माझं बदक!” छकुली आनंदाने किंचाळली.

धक्क्यावरची सगळी लाइफजॅकेटं एकदम वळली.

“अगं...” नवऱ्याच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं.

सर्व्हेयरबाईंनी झाकण उचललं, उलटंपालटं केलं. “डिझाइनरच्या घरचं बदक! म्हणजे बोट भरली तर तरंगेल याची खात्री नव्हती, म्हणून ती भरूच द्यायची नाही. आणि ते काम बायकोकडून करून घ्यायचं. साहेब, मी हे असंच वर कळवणार. ही बोट नापास. आणि यापुढे तुमच्या हातची दुसरी कुठली बोट मी बघणारही नाही.”

“नाही हो मॅडम!” दुर्बीण पुढे धावली. “यांना काही माहीत नाही. मी एकटीने केलं!”

“कशासाठी?”

“भोक होतं म्हणून!”

“भोक कशासाठी असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं? सकाळी तर म्हणालात, सगळं सांगतात, स्क्रू न् स्क्रू पाठ आहे. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

दुर्बिणीने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या बायका, आया, मेव्हण्या कान टवकारून उभ्या. नवरा पांढराफटक. सासूबाईसुद्धा, अहो सासूबाईसुद्धा, डोळे बारीक करून तिच्याकडेच बघत होत्या.

“तेव्हा,” ती पुटपुटली.

“मोठ्याने.”

“तेव्हा खोटं बोलले! मला यातलं ओ की ठो कळत नाही!”

“बघू या,” सर्व्हेयरबाई म्हणाल्या. “बोटीत माणसं किती बसतात?”

“चाळीस. की चौदा?”

“पंचवीस!” नवरा कळवळला.

“तुम्ही गप्प बसा. इंजिन कुठे असतं?”

“पुढे. गाडीसारखं.”

गर्दीतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

“लाटेने बोट उलटली तर काय होतं?”

“काय होणार? सगळे बुडतात.”

“अगं!” नवऱ्याला राहवेना. “आपोआप सुलटी होते! सगळ्यांनी पट्टे बांधलेले असले की गर्रकन फिरून सुलटी! मी तुला टबात करून नाही का दाखवलं? छकुलीच्या खेळण्यातला साबणाचा डबा उलटा करकरून!”

“मला वाटलं, तुम्ही तिला आंघोळ घालताय!”

“आणि रोज जेवताना सांगायचो ते? दीड वर्ष तू ‘हं, हं’ म्हणत होतीस!”

“ते छकुलीला म्हणत होते. ती ‘हं’ म्हटल्याशिवाय घास गिळत नाही.”

नवरा आतून हवा गेल्यासारखा एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. “मग दीड वर्ष मी बोलत कोणाशी होतो?”

“माझ्याशी,” सासूबाई म्हणाल्या. “पण मला कमी ऐकू येतं.”

यावर मात्र सर्व्हेयरबाईंच्या चेहऱ्यावरची कडक इस्त्री मोडली. त्या आधी खोकल्या, मग रुमालाने डोळे पुसले.

“असं आहे,” त्या शेवटी म्हणाल्या, “कट करायचा तर साथीदाराला निदान चार गोष्टी ठाऊक लागतात. या बाईंना बोटीतलं एक अक्षर माहीत नाही, याबद्दल माझी खात्री पटली. सोडा परत पाण्यात!”

बोट पुन्हा उतरली. या वेळी पाणी शिस्तीत आत आलं, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, सीटांपर्यंत. बोट खाली खाली बसत गेली. दुर्बिणीने नवऱ्याच्या बाहीचा इतका बोळा केला की शिवण उसवली. आणि मग बोट थांबली. पोटभर पाणी पिऊन, जड झालेली, पण तरंगत होती! भिंतींमधला फोम तिला सोडायला तयार नव्हता. या वेळी टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. सगळ्यात जोरात चष्मिसने, पाठ चोळत चोळत.

दुपारी बोट उपसून, पुसून झाली आणि माणसं बसली. सरासरी भरली. सासूबाईंच्या जिवावर भरली, हे त्यांनी तिथे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. बोट पास झाली!

संध्याकाळी घरी दुर्बिणीने छकुलीला लवकर झोपवलं, नवऱ्याला वाढलं आणि हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन समोर बसली. आता एक शब्द सांडू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

“सांगा.”

नवरा आधी बिचकला. मग खुलला. सांगायला लागला: क्रेन नव्हे, जहाजावर बोट दोन हुकांना टांगलेली असते, एक पुढे, एक मागे. पाण्यावर टेकली की सुकाणू धरणारा आपल्या सीटशेजारची लाल मूठ ओढतो आणि दोन्ही हुक एकदम सुटतात.

“आणि मूठ ओढलीच गेली नाही तर?” दुर्बिणीने विचारलं. “म्हणजे समजा, अडकली तर?”

दीड वर्षात बोटीबद्दल तिने विचारलेला पहिला प्रश्न! नवऱ्याचे डोळे भरून आले. “वा! किती महत्त्वाचं विचारलंस! मग बोट हुकांनाच लटकून राहते. म्हणून तर त्या मुठीला कोणी...”

तो थांबला. त्याचा घास ताटात पडला.

“तू दुपारी कुठे बसली होतीस?”

“कुठे म्हणजे? दिली त्या सीटवर.”

“सुकाणूवाल्याच्या शेजारी. लाल मुठीला लागून.”

“असेन.”

“तू त्या मुठीला हात लावलास?”

“तुम्ही माझ्यावर संशय घेताय?” दुर्बीण दुखावल्या आवाजात म्हणाली. पण तोवर नवरा उठला होता. उष्ट्या हाताने त्याने चपला घातल्या, एक त्याची आणि एक सासूबाईंची, आणि धाडधाड जिना उतरून कारखान्याच्या दिशेने पळत सुटला.

दुर्बीण खिडकीत उभी राहून बघत राहिली. तिने मुठीला खरंच हात लावला नव्हता. एवढी लालभडक, हाताशी येणारी वस्तू, छकुलीने चुकून ओढली असती तर? म्हणून फक्त छकुलीच्या लाळेऱ्याच्या नाड्यांनी ती नीट खाली बांधून ठेवली होती. तीन गाठी मारून.